पोटासकट बांगडा

मिरकरवाडा बंदरावर मासे घेताना मी गेली चार वर्षं एकच वाक्य बोलत आलेय. "मावशी, साफ करू नका. पोटासकट द्या."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशींचा हात विळीवरच थांबला. "उन्हाचं नेशील तर घरी पोचेस्तोवर पोट फुटंल गो बाय," त्या म्हणाल्या. त्यांचं खरंच होतं. बांगडा, तारली असे तेलकट मासे लवकर मऊ पडतात आणि त्यांचं सगळ्यात आधी जातं ते पोट. मला नेमकं तेच हवं होतं, आणि तेही फुटायच्या आत.

मी रत्नागिरीत एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकाला आम्ही बांगड्याची पचनसंस्था उघडतो. एका वर्षी मागच्या टेबलावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे हलतंय." जठरातल्या तांबूस लगद्यात तांदळाच्या कणीपेक्षा थोडा लांब, फिकट गुलाबी असा एक कृमी होता. ताणायचा, आखडायचा, परत ताणायचा. सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तर पुढच्या टोकाला नरसाळ्यासारखं तोंड, त्याच्या थोडं खाली पोटाचा वाटोळा चूषक, आणि अंगभर बारीक वळ्या, एखाद्या कोळिणीच्या हातातल्या बांगड्यांसारख्या एकीला एक लागून. हा चपटकृमींमधल्या ट्रिमॅटोडांपैकी, हेमियुरिड कुळातला, लेसिथोक्लॅडियम या वंशाचा. पुस्तकात भारतीय बांगड्यातल्या या वंशाच्या कृमीसाठी एक नाव मिळालं. मुलीने ते जर्नलमध्ये लिहिलं, मी सही केली. पुढे जे कळत गेलं त्याने ती सही मला फार टोचली.

आधी एक सांगून टाकते, कारण हे वाचून कुणी बांगडा सोडेल तर मला वाईट वाटेल. हा कृमी माशाच्या जठरात राहतो, आणि जठर आपण टाकून देतो. शिजवल्यावर तो मरतोच, आणि माणसाच्या पोटात तो वस्ती करत नाही. घरी आमच्याकडे आजही आठवड्यातून दोनदा बांगडा असतो, आणि तिरफळ घातलेलं तिखलं मी आनंदाने खाते.

बांगड्याच्या पोटात तो पोचतो कसा, हे वाचलं तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं होतं. युरोपातल्या बांगड्याच्या भाऊबंदांमध्ये याच वंशाची एक जात आहे. तिच्या जीवनक्रमावरचं काम १९९१ साली प्रसिद्ध झालं. या कुळातल्या अळ्या समुद्री गोगलगायीसारख्या प्राण्यात वाढतात आणि पाण्यात सुटतात त्या एका बारीक डबीत बंद होऊन. डबीत एक नळी गुंडाळून ठेवलेली असते. कोपेपॉड नावाचा सूक्ष्म कवचधारी प्राणी ती डबी खायला म्हणून चावतो, आणि त्या क्षणी नळी झटक्यात बाहेर पडून त्याचं आतडं भेदते. अळी नळीतून थेट त्याच्या अंगात जाते. बांगडा तोंड उघडं ठेवून पाणी गाळत पोहतो, त्यात असे कोपेपॉड हजारोंनी येतात. एवढी योजना करून जो प्राणी आपल्या ताटापर्यंत पोचतो, त्याचं नाव नीट माहीत असू नये, हे मला पटेना. पीएच.डी.साठी विषय शोधत होतेच. माझ्या मार्गदर्शक सरांना म्हटलं, हाच.

पहिलं वर्ष मी वाया घालवलं असं आज म्हणावं लागतं. शिकले होते तसं केलं: कृमी काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबायचा, दोऱ्याने बांधायचा, फॉर्मॅलिनमध्ये सोडायचा. मग बोरॅक्स कार्माइनने रंगवायचा, आम्लाच्या अल्कोहोलने जादा रंग उतरवायचा, चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, लवंगेच्या तेलात पारदर्शक करायचा आणि काचपट्टीवर कायमचा बसवायचा. संध्याकाळी घरी गेलं की हातांना, ओढणीला लवंगेचा वास. हे रंगवण्याचं काम मला अतिशय आवडतं. एक क्षण असा येतो की ढगाळ गुलाबी ठिपका हळूहळू उजळतो आणि आत सगळं घर दिसू लागतं: दोन वृषणं, त्यांच्या मागे अंडाशय, त्याला लागून पीतक ग्रंथीची लांबट बोटं, आणि गर्भाशयात ठासून भरलेली सोनेरी अंडी.

वर्षअखेरीला माझ्याकडे दोन प्रकार जमले होते. एक लांब, सडपातळ, मागे लांबलचक शेपटी असलेला. दुसरा आखूड, रुंद, शेपटी जवळजवळ नसलेला, वळ्या दाट. मोजमापांचे तक्ते केले, आकृत्या काढल्या. दोन जाती आहेत याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. तक्ते घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आकृत्या बराच वेळ पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला: "हा मेला कसा?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. या कृमीची शेपटी दुर्बिणीच्या नळीसारखी आत-बाहेर होते. जठरातली परिस्थिती बदलली की तो ती आत ओढून घेतो. थंड फॉर्मॅलिन अंगाला लागलं की तो आखडतो, अंगाच्या वळ्या दाटतात. काचेखाली जोरात दाबला तर पसरतो, रुंद होतो. बर्फावर रात्रभर पडलेल्या माशातला आधीच मेलेला असेल तर सैल, लांब पडतो. माझे दोन प्रकार हे दोन मरणांचे प्रकार असू शकत होते. आणि मी वहीत माशाची तारीख लिहिली होती, पण कृमी जिवंत होता की मेलेला, हे कुठेच लिहिलं नव्हतं. बाटल्यांमधल्या चिठ्ठ्यांचं तर विचारूच नका. बॉलपेनने लिहिलेल्या होत्या. अल्कोहोलने शाई उतरून निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या. त्या दिवसापासून पेन्सिल. शिसपेन्सिलीचं अक्षर अल्कोहोलमध्ये वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं, हे मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला सांगते.

फॉर्मॅलिनचा दुसरा तोटा त्याहून मोठा. ते डीएनएचे धागे एकमेकांना आणि प्रथिनांना जखडून टाकतं, हळूहळू त्यांचे तुकडेही पडतात. त्या पहिल्या वर्षाच्या सुंदर काचपट्ट्यांमधून मला एक अक्षरही वाचता येणार नव्हतं.

या कामाची योग्य रीत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले टॉमस क्रिब आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले रॉडनी ब्रे यांनी २०१० साली लिहून ठेवली आहे आणि ती विलक्षण साधी आहे. मासा ताजा हवा. पोट खाऱ्या पाण्यात उघडायचं, खळबळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून परत भरायचं, असं पाणी स्वच्छ होईपर्यंत. जिवंत कृमी तळाशी वळवळताना दिसतात. ते थोड्याशा पाण्यात घ्यायचे आणि त्यावर उकळीच्या जवळचं खारं पाणी एकदम ओतायचं. कृमी क्षणात, ताठ आणि सैल अवस्थेत मरतो. दाबायचा नाही. मग थेट अल्कोहोलमध्ये. सगळे एकाच तऱ्हेने मेलेले, म्हणून एकमेकांशी तुलना करण्याजोगे, आणि डीएनएही शाबूत.

प्रश्न ताज्या माशाचा होता. बंदरावर बोट लागते तोवर मासा कित्येक तास बर्फात असतो. म्हणून मालवण. तिथे दांडीच्या किनाऱ्यावर अजून रापण लागते. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. मासळी जिवंत, उड्या मारत वाळूवर येते. मी आदल्या दिवशी एस.टी.ने जायचे, पहाटे किनाऱ्यावर उभी. सुरुवातीला गरम पाणी थर्मासमधून नेलं. वेळ येईस्तोवर ते पुरेसं गरम राहत नसे. शेवटी किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्या काकांनी स्टोव्हवर माझ्या मिठाच्या पाण्याला जागा दिली. एका बाजूला चहाचं आधण, एका बाजूला माझं.

वाटे पडायच्या आधी मला बांगडे मिळावेत म्हणून रापणकरांच्या संघातल्या एका आजोबांना विनंती केली होती. त्यांच्या घरच्या आजींनी विचारलं, "पोटातला घेवन काय करतलंस गो?" मी सांगितलं, आत एक किडा असतो तो बघते. "बांगड्यात किडो? इतकी वर्सां साफ करतंय, माका कधी दिसूक नाय." मी एका पोटातला धुऊन बशीत दाखवला. त्यांनी बशी उन्हाकडे धरली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "जिवंत आसा हो." एवढंच. पण पुढच्या वेळेपासून त्या माझी बशी धुवायला गोडं पाणी वेगळं ठेवू लागल्या.

त्या हंगामाचे कृमी रंगवून झाले आणि माझे लांब-आखूड प्रकार नाहीसे झाले. थोडा लहानमोठेपणा राहिला, तो वयाचा. जे दोन दिसत होते ते एक होते. मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. तक्त्यांवर माझे सहा महिने गेले होते.

इथेच थांबले असते तर पुस्तकातलं एक नाव पुन्हा लिहून प्रबंध पूर्ण झाला असता. पण आता डीएनए शाबूत होता.

डीएनएसाठी कृमीचा तुकडा कापावा लागतो, आणि उरलेला कृमी रंगवून जपावा लागतो. ज्या कृमीचा क्रम, म्हणजे डीएनएमधल्या अक्षरांची ओळ, वाचला तोच कृमी काचपट्टीवर दिसला पाहिजे. नाहीतर उद्या कुणी विचारेल, तुमचा हा क्रम नक्की कशाचा, तर उत्तर नाही. अशा नमुन्याला होलोजिनोफोर म्हणतात. शब्द बोजड आहे, पण माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेचा कणा तोच. चार-पाच मिलिमीटरचा प्राणी, त्यातला एक मिलिमीटरही नाही असा तुकडा. मी शेपटीचं टोक निवडलं, कारण ओळखीचे बहुतेक अवयव त्याच्या पुढे असतात. सुई दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून. पहिल्या दिवशी तीन कापले आणि त्यातला एक शेपटीऐवजी मधूनच तुटला. त्याचीही नोंद केली. तुकडा एका कुपीत, कृमी दुसऱ्या कुपीत, दोन्हींवर एकच क्रमांक, पेन्सिलीने, आणि वहीत तोच क्रमांक माशाच्या क्रमांकापुढे. ही नोंद मी रोज झोपण्यापूर्वी पुन्हा तपासत असे.

पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या भागाच्या भरपूर प्रती काढण्याचं काम सरांच्या प्रयोगशाळेत केलं, क्रम वाचायला नमुने बाहेर पाठवले. पहिला निकाल आला तेव्हा मी वर्गात होते. तास संपल्यावर जिन्यातच फोन उघडला. क्रम स्वच्छ होता. जेनबँकेत, म्हणजे जगभरातल्या डीएनए-क्रमांच्या खुल्या संग्रहात, शोधायला टाकला. उत्तर आलं: रॅस्ट्रेलिजर कॅनागुर्टा. म्हणजे बांगडा. मी माशाचाच डीएनए वाचून घेतला होता. या कृमीच्या आतड्याच्या दोन शाखा शेपटीपर्यंत जातात, त्यात त्याने खाल्लेलं असतं. बाहेरून माशाचा चिकट स्राव चिकटलेला असतो तो वेगळाच. आणि मी वापरलेले प्रायमर, म्हणजे कुठल्या भागाच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, दोघांनाही चालणारे होते. पुढच्या वेळी तुकडे तीन-तीनदा धुतले, ट्रिमॅटोडांसाठी बेतलेले प्रायमर घेतले, आणि प्रत्येक फेरीत एक नळी मुद्दाम डीएनएविना ठेवली. ती रिकामी नळी रिकामीच राहिली, तरच बाकीच्या नळ्यांवर विश्वास.

शेवटी १९ कृमींचे क्रम हातात आले. दोन जागांचे. एक आयटीएस-२, पेशीकेंद्रातला, सावकाश बदलणारा. ट्रिमॅटोड ओळखायला अनेक वर्षं यावरच भर होता. दुसरा कॉक्स-१, मायटोकॉन्ड्रियातला, झपाट्याने बदलणारा. क्रम एकाखाली एक मांडले की सारखी अक्षरं रकान्यात सरळ उतरतात आणि वेगळं अक्षर डोळ्यात भरतं. कॉक्स-१ मांडला आणि पहिल्या चौदा ओळी जवळजवळ सारख्या गेल्या, कुठे एखादं अक्षर इकडेतिकडे. खालच्या पाच ओळी मात्र वेगळ्याच. आपापसांत अगदी जुळणाऱ्या, पण वरच्या चौदांपासून दर शंभरात आठ-नऊ अक्षरांनी लांब. मला वाटलं फाइल चुकली. पुन्हा मांडलं. मग वही काढून एकेक क्रमांक तपासला, मग त्या पाचही तुकड्यांचे उरलेले कृमी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तोच कृमी. तेच नरसाळ्यासारखं तोंड, त्याच वळ्या.

जे दोन दिसत होते ते एक निघाले होते, आणि आता त्या एकातच दोन दडलेले दिसत होते.

मग मी एक परीक्षा घेतली, स्वतःची. सहकारी मैत्रिणीला १९ काचपट्ट्यांचे क्रमांक कागदाने झाकून नवे क्रमांक द्यायला सांगितलं. मी प्रत्येक कृमी पाहून, मोजून दोन ढीग करायचे. शनिवार, रविवार दोन्ही दिवस गेले. तोंडाच्या चूषकाचं पोटाच्या चूषकाशी प्रमाण, घशाची लांबी, शुक्राशयाची भिंत, अंड्यांची लांबी-रुंदी. सोमवारी कागद काढले. माझ्या ढिगांचा आणि डीएनएच्या ढिगांचा काही संबंध नव्हता. नाणं उडवून केले असते तरी तसेच झाले असते.

याला छुपी जात म्हणतात, आणि माशांमधल्या चपटकृमींत ती वारंवार सापडतेय. २०१४ साली मॅक्नमारा, मिलर आणि क्रिब यांनी हिंद-पॅसिफिक प्रवाळांवरच्या फुलपाखरू माशांमधले ट्रिमॅटोड तपासले तेव्हा एकेका नावाखाली अनेक वंशरेषा दडलेल्या निघाल्या. तरीही डीएनए वेगळा दिसला की नवं नाव ठोकून द्यायचं, याला माझं मन तयार नव्हतं. कॉक्स-१ फक्त आईकडून येतो. एकाच जातीत दोन जुनी मातृकुळं शेजारी शेजारी नांदू शकतात, जशी एका गावात दोन घराणी, सोयरीक होत असूनही आडनाव वेगळं राखणारी. म्हणून आयटीएस-२कडे परत गेले. तिथे फरक फक्त एका अक्षराचा होता. एकच. पण तो चौदांमध्ये एक आणि पाचांमध्ये दुसरा, असा नेमका तसाच विभागलेला.

वहीने इथे मला वाचवलं. ते पाच कृमी तीन बांगड्यांतले होते, आणि त्या तिन्ही बांगड्यांत वरच्या गटातलेही कृमी होते. म्हणजे दोन्ही गट एकाच जठरात, एकमेकांपासून काही मिलिमीटरवर राहत होते. हे प्राणी उभयलिंगी असतात, शेजारचा मिळाला तर एकमेकांना फलित करू शकतात. दोघांची सोयरीक होत असती, तर काही कृमींमध्ये त्या एका जागी दोन्ही अक्षरं मिसळलेली असती. क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात प्रत्येक अक्षराचं एक शिखर असतं; तिथे एकावर एक चढलेली दोन शिखरं दिसली असती. मी सगळे १९ आलेख उघडून ती जागा डोळ्यांनी पाहिली. प्रत्येकात एकच उंच, स्वच्छ शिखर. त्या रात्री मला झोप लागली नाही. एका बांगड्याच्या पोटात, अंगठ्याएवढ्या जागेत, दोन प्राणी इतके सारखे की मला त्यांचा भेद सांगता येत नाही, आणि त्यांना मात्र तो कळतो.

सर खूश झाले, पण त्यांनी मला तिथेच रोखलं. पाच कृमी, तीन मासे, एकच रापण, एकच सकाळ. एवढ्यावर जात उभी राहत नाही. २०२२ साली ब्रे, कटमोर आणि क्रिब यांनी याच अडचणीसाठी एक कसोटी मांडली आहे आणि ती मला मनापासून पटते. सर्वात सूक्ष्म भेद दाखवणाऱ्या जनुकात दोन्ही गट पूर्णपणे वेगळे हवेत, आणि शिवाय शरीररचना किंवा यजमान, म्हणजे कृमी ज्यांच्यात राहतो ते मासे, यांपैकी निदान एका बाबतीत तरी फरक हवा. नुसत्या डीएनएवर नाही आणि नुसत्या नजरेवरही नाही. शरीररचनेत मी हरले होते. उरला यजमान. पण दोन्ही गट बांगड्यातच होते.

आणि नावाचा प्रश्न वेगळाच. पुस्तकातलं जे नाव मी जर्नलमध्ये लिहू दिलं होतं, लेसिथोक्लॅडियम अँगुस्टिओव्हम, म्हणजे चिंचोळ्या अंड्याचा, ते सात्यू यामागुती यांनी १९५३ साली इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या माशांवरून दिलेलं आहे. प्राणिनामांच्या नियमांनुसार नाव मूळ नमुन्याला बांधलेलं असतं. सुलावेसीतला कृमी माझ्या चौदांतला की पाचांतला, की दोघांपेक्षाही वेगळा, हे तिथल्या ताज्या नमुन्याच्या डीएनएशिवाय ठरत नाही. आपल्या किनाऱ्यांवरूनही गेल्या शतकात या गटातल्या अनेक जातींची वर्णनं झाली. २०१८ साली रोक्कम माधवी आणि ब्रे यांनी भारतीय सागरी माशांतल्या ट्रिमॅटोडांची सगळी नोंद एका ठिकाणी आणली, तेव्हा कुठे माझ्यासारखीला शोधायला जागा मिळाली. पण जुन्या काळचे नमुने दाबलेले, फॉर्मॅलिनमधले. त्या माणसांनी त्यांच्याकडच्या साधनांनी काम केलं, तेच साधन मीही पहिल्या वर्षी वापरलं. जेनबँकेतलं एखादं नाव माझ्या क्रमाशी जुळलं तर तेही मी आता डोळे मिटून घेत नाही. ते नाव कुणी, कुठल्या माशातल्या, कुठे जपलेल्या कृमीवरून दिलं, हे आधी शोधते. माझ्या अर्ध्या शेपटीच्या काचपट्ट्या शेवटी भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे जायच्या आहेत, म्हणजे माझी चूक झाली असेल तर ती कुणालाही दाखवता येईल.

लोक विचारतात, किड्यांच्या दोन जाती वेगळ्या काढून काय साधणार. मला स्वतःला ते प्राणी वेगळे आहेत, एवढंही पुरतं. पण बंदरावर उत्तर हवं असेल तर तेही आहे. माशांच्या थव्यांचा माग काढायला परजीवी वापरतात. एखादा कृमी एका भागातच लागत असेल, तर तो ज्या माशात सापडला तो मासा त्या भागातून आला. कुठली बांगड्याची झुंड कुठून येते, मालवणची आणि रत्नागिरीची एकच की वेगळी, हे अशा खुणांवरून समजू शकतं. दोन जातींना एक समजलो तर ती खूणच खोटी ठरते.

मग मी यजमानाकडे वळले. ते पाच कृमी बांगड्यात पाहुणे असतील तर त्यांचं घर कुठे? कोपेपॉड खाणारे इतर मासे त्याच पाण्यात, त्याच जाळ्यात असतात. त्या सकाळी रापणीत बांगड्याबरोबर आणखी काय आलं होतं, ते मी लिहिलंच नव्हतं. मला फक्त बांगडा दिसत होता. आजोबांना फोन केला. त्यांनी जरा आठवून सांगितलं, "त्या दिसा पेडवे खूप होते. बांगडो कमीच."

तोवर मे संपत आला होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. रापणीला बंदी नसली तरी पावसात समुद्र खवळलेला, जाळं टाकायची सोय नाही. दोन महिने मी काचपट्ट्या पुन्हा मोजल्या, चिठ्ठ्या बदलल्या, पेडव्याच्या जठराची रचना वाचली. एवढी उतावीळ होऊन नारळी पौर्णिमेची वाट मी लहानपणीही पाहिली नसेल.

समुद्र निवळल्यावर पहिल्या रापणीला पोचले तेव्हा अजून अंधार होता. टपरीवाल्या काकांनी माझ्या पाण्याचं भांडं आधीच घासून ठेवलं होतं. दोर ओढले गेले, जाळं वाळूवर आलं, आणि आजोबांनी हाक मारली. त्यांनी चार पिशव्या भरल्या होत्या: बांगडे, पेडवे, तारली, आणि एकीत कर्ली. प्रत्येक जात वेगळी. आजी म्हणाल्या, "कशाकच हात लावूक नाय. पोटासकट आसत."

बांगडे बाजूला ठेवून मी पेडवे घेतले. पेडव्याचं जठर लहान, भिंत जाड; सुई जपून चालवावी लागते. पहिल्या तिघांत काही नव्हतं. चौथ्याचं पाणी तीनदा बदललं. तळाशी गाळ बसला आणि त्यात काहीतरी ताणलं, आखडलं. भिंगाखाली धरलं. नरसाळ्यासारखं तोंड, अंगभर वळ्या.

काकांनी उकळतं पाणी आणून दिलं. मी ओतलं. कृमी ताठ झाला. कुपीत अल्कोहोल, त्यात कृमी, आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने: पेडवा ४, जठर, जिवंत सापडला, १ कृमी, दांडी, मालवण. खाली तारीख. मग त्याच रापणीत आलेल्या सगळ्या माशांची नावं आजोबांना विचारून वहीत उतरवून घेतली, आणि पाचवा पेडवा उचलला.